काकण सोडायचं राहिलं

मांडवात शिरला की तो सगळ्यात आधी स्वतःचा तळहात पुढे धरायचा. लाईटचा दांडा डाव्या खांद्याला टेकवलेला, उजवा हात नवरीच्या चेहऱ्याच्या उंचीवर, आणि तो हात हळूहळू वळवून त्यावर पडलेला उजेड बघत उभा राहायचा. मनासारखं झालं की मला हाक मारायचा, "या भाऊ, आता कुणालाबी उभं करा, चांगलंच दिसंल." आणि खरंच, कुणीही उभं राहिलं तरी बरं दिसायचं. नवरीच्या बापानं कर्ज काढून करवलेला मेकअपसुद्धा त्याच्या उजेडात खपून जायचा.

मी लग्नाचे फोटो काढतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गेल्या वीसेक वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यातल्या बऱ्याच जणांच्या भिंतीवर माझं काम टांगलेलं असेल. त्या कामात माझ्या मागे हा उजेड धरून उभा असे. एकाही फोटोत तो नाही. लाईट धरणारा माणूस फोटोत आला तर फोटो फुकट जातो, एवढं साधं कारण आहे त्याला.

प्रत्येक नवरी त्याची वहिनी, प्रत्येक नवरा भाऊ. "वहिनी, हनुवटी जरा वर. भाऊ, तुमी कशाला घाबरताय, तुमालाच मिळाल्यात." या एका वाक्यावर त्यानं कितीतरी रडवेल्या नवऱ्या हसवल्या. हल्लीच्या पोरी फोटोसाठी कुणाचं ऐकत नाहीत, मोबाईलवर कुठल्यातरी नटीचा फोटो दाखवून 'असं पाहिजे' म्हणतात. पण त्याचं ऐकायच्या. पंगतीला तो सगळ्यात शेवटी बसायचा आणि ताटातलं गोड कुणालातरी देऊन टाकायचा, कारण गावातल्या शिबिरात त्याला शुगर निघाली होती. संध्याकाळची गोळी खिशात घेऊनच तो लग्नाला यायचा.

त्याचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. आता तुम्हाला यात नवीन काही वाटणार नाही. तुमच्याही गावात चाळिशीला टेकलेली, दाढीत पांढरे केस आलेली पोरं असतीलच, ज्यांना लोक अजून 'पोरं' म्हणतात. पिंपरी पेंढारच्या शिवारात त्याची बागायती जमीन होती, विहीर होती, शेतातच बांधलेलं स्लॅबचं घर होतं. पण मुलीकडच्यांना पुण्यात फ्लॅट हवा आणि पोरगा कंपनीत हवा. पोहे खाऊन खाऊन पित्त झालं, असं तो सांगायचा. एका ठिकाणी मुलीनं त्याला विचारलं, तुम्ही काय करता? हा म्हणाला, उजेड धरतो. मुलगी हसली, तोही हसला, आणि मध्यस्थानं चपला घातल्या.

मांडवात कुणी चावट म्हातारी हमखास विचारायची, तुझा बार कधी रे? त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "आपण उजेडवाले, मावशे. आपलं काम दुसऱ्याला दाखवायचं." आणि लाईट उचलून दुसरीकडे निघून जायचा.

त्या घराच्या खिडकीबद्दल मात्र सांगायला हवं. त्याची आई जिवंत असताना घर बांधलं गेलं, आणि स्वयंपाकघराला एवढी मोठी खिडकी कशाला असं गवंडी म्हणाला तेव्हा आईनं सांगितलं होतं, की सून भाकरी करताना तिला रस्ता दिसला पाहिजे, नवरा येताना दिसला पाहिजे. सून यायच्या आधी आई गेली. एकुलती बहीण बोरी बुद्रुकला दिलेली, तिचा संसार तिकडे. खिडकी राहिली आणि हा राहिला.

त्या खिडकीसाठी सिनेमावाले आले.

सिनेमा भीतीचा होता, पण भुताबिताचा नाही. एक एकटी बाई शेतातल्या घरात राहते. समोरच्या घराच्या खिडकीत तिला रोज संध्याकाळी एक नवराबायको जेवताना दिसतात. बघता बघता तिला त्यांचं वेड लागतं, त्या बायकोच्या जागी आपणच आहोत असं वाटायला लागतं, अशी ती गोष्ट. दिग्दर्शकाला समोरासमोर दोन एकटी घरं हवी होती, मध्ये नुसतं पीक. याचं घर, मध्ये कांद्याचं वावर, आणि पलीकडे एका म्हाताऱ्याची वस्ती. दिग्दर्शक त्या खिडकीसमोर बराच वेळ नुसता उभा राहिला आणि मग म्हणाला, हेच.

आम्हा दोघांना त्यांनी स्थानिक कामासाठी घेतलं. माणसं जमवणं, वायरी ओढणं, लाईट धरणं. खिडकीतला नवरा म्हणून जो नट यायचा होता तो आलाच नाही. दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करणारी एक मुलगी होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि याच्याकडे बोट दाखवलं. चेहरा लांबून दिसणारच नव्हता, नुसता बांधा हवा होता. याचा लाईट माझ्या हातात आला आणि हा खिडकीत जाऊन बसला. मला तेव्हा फार मजा वाटली.

बायकोचं काम करायला पुण्याहून एक नटी आली होती. मोठी नव्हे, मालिकांमध्ये शेजारीण, नर्स अशी कामं करणारी. साधी, पस्तिशीची, वागायला चांगली बाई. आल्या आल्या तिनं त्याच्या चुलीवर पाणी ठेवून स्वतःचा चहा केला आणि त्यालाही दिला. मला वाटतं, आई गेल्यापासून त्या घरात त्याला कुणी आयता चहा दिला नसेल.

कॅमेरा समोरच्या वस्तीवर होता. आवाज घेणार नव्हते. दोघांनी जेवायचं आणि बोलायचं, काहीही बोला पण ओठ हलले पाहिजेत, एवढंच सांगितलं होतं. अशा वेळी नटमंडळी म्हणे पाढे म्हणतात. पहिल्या संध्याकाळी तिनं सातचा पाढा म्हटला आणि हा घाबरून आठचा म्हणाला. मी खिडकीखाली वाफ्यात उकिडवा बसून लाईट धरला होता, मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून पाढे संपले. तिनं विचारलं, आज काय केलं दिवसभर? आणि हा सांगायला लागला. मोटार कशी जळाली, वीज रात्रीचीच येते म्हणून पाणी द्यायला रात्री कसं जावं लागतं, उसात बिबट्याची मादी कशी पिल्लं घेऊन बसली आहे. इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. ती कसलेली बाई, ऐकताना मान अशी हलवायची की कुणालाही वाटावं, जन्मभर हेच ऐकायला ही थांबली होती. तुम्हाला भीती नाही वाटत एकट्यानं जायला, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, वाटते ना. हे त्यानं मला, बहिणीला, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

मग त्यानं गोळीचंही सांगितलं. शुगरची गोळी घेतली की लगेच जेवावं लागतं, आणि एकट्याला जेवायचा कंटाळा येतो. त्यावर ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "गोळी मी आठवणीनं देत जाईन. तुम्ही शेतावरून आलात की मगच ताटं वाढीन. तोवर मीही जेवणार नाही."

माझ्या हातातला लाईट हलला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, लाईट, लाईट. मी पुन्हा नीट धरला. वर पाहिलं तर तो खाली ताटात बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते टिपण्याएवढा कॅमेरा जवळ नव्हता. तिलाही बहुतेक तो अभिनय वाटला असेल.

शेवटच्या दिवशी दिग्दर्शकाला आठवलं, की त्या घराच्या भिंतीवर या नवराबायकोच्या लग्नाचा फोटो हवा. फोटो मीच काढणार होतो, माझा तर धंदाच आहे. मुंडावळ्या बांधा, शेजारी उभं करा, काढा, पाच मिनिटांचं काम. पण आमच्याकडे हे असं अर्धवट होत नाही. याची बहीण बोरीहून आली होती. ती म्हणाली, हळद लावल्याबिगर मुंडावळ्या बांधायच्या न्हाईत, अपशकुन व्हतो. तिनं जात्यावर दळलेली हळद डब्यातून आणली होती. कधीपासून ठेवली होती, देव जाणे. तिनं भावाला हळद लावली, मग नटीला उष्टी हळद लावली. नटी हसत होती, तिला हे सगळं फार गोड वाटत होतं. मग बहिणीनं दोघांच्या मनगटाला हळकुंडाचं काकण बांधलं.

गर्दी दिसावी म्हणून गावातली माणसं बोलावली होती आणि ती आपापल्या लग्नातले कपडे घालून आली होती. कुणीतरी थट्टेत टॉवेल-टोपी आणली. त्याबरोबर दुसऱ्यानंही आणली. गर्दीत आलेल्या गावच्या भटजींना दोन ओळी म्हणा म्हटलं तर ते म्हणाले, मंगलाष्टक मधे तोडता येत नाही, आणि त्यांनी सगळं म्हटलं. प्रत्येक 'सावधान'ला लोकांनी अक्षता टाकल्या. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. मी आजवर इतकी लग्नं काढली, पण इतकं मनापासून लागलेलं लग्न क्वचितच पाहिलं असेल. फोटो अप्रतिम आला. तो हसत नव्हता. तो नुसता बघत होता, समोर, मी होतो तिथं, जिथं इतकी वर्षं तो स्वतः उभा राहिला होता.

आणि मग त्यांचं पॅकअप झालं.

काकण कसं सोडतात हे तुम्हाला ठाऊक आहे. नवरीनं नवऱ्याचं, नवऱ्यानं नवरीचं, एका हातानं, बायका हसताहेत, गाठ सुटत नाही. ते झालं की हळद उतरली. तोवर नवरदेवाला एकटंसुद्धा सोडत नाहीत. इथं ऊन उतरत होतं, गाडी लागली होती, त्या नटीला पुण्यात दुसऱ्या शूटिंगला पोचायचं होतं. कपडे सांभाळणाऱ्या पोरीनं कात्रीनं तिचं काकण कापलं आणि साडीबरोबर खोक्यात टाकलं. याचं कापायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. धूळ उडवत गाड्या गेल्या आणि हा ओसरीवर मनगट पुढे धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, दादा, काढून टाक ते. तो म्हणाला, "माज्या हातानं कसं सोडू? तिनं सोडायचं असतंय."

सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. गाव कुणाला सोडतं? पारावरून हाका यायच्या, वहिनी माहेराहून कधी येणार? तो शांतपणे म्हणायचा, शूटिंग हाय तिचं, येईल. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की हा थट्टेला थट्टेनं उत्तर देत नाही. मग हाका थांबल्या आणि लोक त्याच्याकडे बघायचं टाळायला लागले. ते जास्त वाईट होतं.

मी एकदा संध्याकाळी त्याच्याकडे गेलो, दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचं सांगायला. खिडकीशी टेबल तसंच होतं. सिनेमावाल्यांनी आणलेलं ते टेबल त्यांनी नेलंच नव्हतं. त्यावर दोन ताटं वाढून झाकून ठेवली होती. माझ्यासाठी एक असेल असं समजून मी खुर्ची ओढली. तो अवघडला. म्हणाला, भाऊ, तुमी आत बसा, तुमाला वाढतो. ती खुर्ची त्यानं परत जागेवर ठेवली, अगदी पूर्वी होती तशी, किंचित खिडकीकडे वळवून. मी जेवलो नाही. मला तिथं बसवेना.

बहिणीनं माझ्याकडे येऊन हात जोडले. म्हणाली, त्या बाईला एकदा आणा, काकण सोडू द्या, माझा भाऊ मोकळा होईल. मी फोन लावला. नटीनं तो नीट ऐकला, हे मी तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तिला त्याचे फोन आधीच येत होते. गोळी घेतली, आता येतेस का, एवढंच विचारायचा. शेवटी तिनं त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला होता. ती म्हणाली, "दादा, मला भीती वाटते हो. आणि खरं सांगू? मी त्यांच्याशी काय बोलले ते मला आठवतसुद्धा नाही. त्या दिवसांत मी काहीतरी बोलत होते, बस." तरी ती बिचारी व्हिडिओ कॉल करायला तयार झाली. फोनवरून सांगते, सोडा म्हणून. मी ते त्याला सांगितलं. तो विचार करून म्हणाला, फोनवर गाठ सुटती व्हय? याचं उत्तर तुम्हाला सुचत असेल तर मला सांगा.

याच सुमारास त्याच्या नशिबानं एकदा दार वाजवलं होतं. वरच्या डोंगरातली, भातशेतीवाल्या घरातली एक विधवा मंचरला कांद्याच्या वखारीत निवडायला यायची. मूलबाळ नाही, हातपाय धड, बोलायला मोकळी. तिचा दीर मध्यस्थाकरवी विचारत होता. फ्लॅट नको, कंपनी नको, माणूस निर्व्यसनी पाहिजे, एवढंच. बहिणीचा आनंद गगनात मावेना. तिनं भावाला न विचारता त्यांना घर बघायला बोलावलं आणि मलाही या म्हणाली.

ती आली. पदर खोचून सगळ्या घरात फिरली, गोठा पाहिला, विहिरीत डोकावली. चेहऱ्यावर पसंती दिसत होती. मला ती आवडली, अगदी मनापासून. वाटलं, ही इथं आली तर या घराला जाग येईल. मग ती स्वयंपाकघरात गेली. खिडकीपाशी दोन ताटं, दोन तांबे. भिंतीवर लग्नाचा फोटो. त्याची एक प्रत मीच त्याला दिली होती, त्यानं मागितली म्हणून. फोटोखाली खुंटीला नव्या बांगड्यांचा एक जुडगा अडकवलेला. ती बाई फोटोकडे बघत राहिली, मग त्याच्या मनगटाकडे. काकणाचा दोरा काळा पडला होता, हळकुंड झिजून काडीसारखं झालं होतं.

बहीण घाईघाईनं सांगायला लागली, की ते पिच्चरचं आहे, खोटं आहे. त्या बाईनं तिला थांबवलं आणि सरळ त्याला विचारलं, "सोडता का आत्ता? मी सोडते, हात करा पुढं."

मी मनातल्या मनात म्हणत होतो, कर रे बाबा, कर हात पुढे. त्याचा हात खरंच थोडा उचलला गेला. मी पाहिलं ते. मग त्यानं तो मागे घेतला आणि पाठीमागे लपवला, लहान पोर खाऊ लपवतं तसा.

"न्हाई राव," तो म्हणाला. "ती उपाशी बसली असंल."

बाईनं पदर सोडला, नीट घेतला. चिडली नाही. जाताना बहिणीला एवढंच म्हणाली, "ह्या घरात बाई हाय, ताई. मला कुठं घालता?" आणि ती पायवाटेनं फाट्याकडे चालू लागली. बहीण उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडली. तो आत जाऊन चहा ठेवत होता.

त्यानंतर आम्ही त्याला पुण्याला डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यानं सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली. वार, महिना, मुख्यमंत्री, सगळं बरोबर. डॉक्टरांनी औषधं दिली, पुन्हा बोलावलं. पुन्हा यायला तो तयार झाला नाही. संध्याकाळच्या आत घरी पोचता येत नाही, असं कारण सांगितलं. लाईटला मात्र तो अजून यायचा, कारण लग्नं दुपारची असायची. मुहूर्त संध्याकाळचा असला की मी दुसरा माणूस बघायचो.

सिनेमा तयार होऊन मंचरच्या थिएटरात लागला. गावातून जीप भरून लोक निघाले. मला वाटलं, याला नेऊ नये. बहिणीला वाटलं, न्यावं, पडद्यावर खोटं आहे असं दिसलं की डोळे उघडतील. तिन्हीसांजेचा दिवा निघण्याआधीच स्वतः लावून ठेवते असं तिनं कबूल केलं, तेव्हा कुठे तो निघाला. फेटा बांधून आला होता.

मी त्याच्या शेजारी बसलो. कांद्याचं वावर दिसलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग लांबून खिडकी दिसली. पिवळा उजेड, त्यात दोन माणसं, जेवताहेत, बोलताहेत. आवाज नव्हता, नुसतं संगीत होतं. मी धरलेला उजेड होता तो आणि मला तो बघून कसंतरी झालं, इतकं ते सुखाचं दिसत होतं. हा पुढे वाकून बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. सगळी वाक्यं त्याला पाठ होती. तिचीसुद्धा.

शेवटी सिनेमातली ती एकटी बाई वावर तुडवत समोरच्या घरापाशी येते. दार ढकलते. आणि घर रिकामं असतं. कधीच कुणी राहत नव्हतं तिथं. टेबलावर धूळ, खुर्च्या उलट्या, चूल विझलेली, खिडकीला जळमटं. भिंतीवर फ्रेम असते, पण तिच्यात फोटो नाही, नुसती काच, आणि काचेत त्या बाईचाच चेहरा. ते नवराबायको तिच्या मनातले होते, असं दिग्दर्शकाला सांगायचं होतं. मी त्याच्याकडे बघायला धजलो नाही.

बाहेर आलो. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती, बटाट्याच्या गोण्यांनी लादलेले. आम्ही टपरीवर चहा घेतला. बहीण त्याच्याकडे आशेनं बघत होती. त्यानं चहाचा घोट घेतला. मग माझ्याकडे वळून अगदी शहाण्या माणसासारखं, हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, घर रिकामं दिसलं, बघितलं ना? मी हितं आलो व्हतो म्हून. ती बसून बसून उठून गेली असंल." कप खाली ठेवून पुन्हा म्हणाला, "आता न्हाई संध्याकाळचं घर सोडायचं."

बहिणीनं तोंडात पदर धरला.

त्यानंतर तो लग्नाला आला नाही. दुपारच्याही नाही. मुहूर्त लांबला तर, असं म्हणायचा. त्याचा लाईट माझ्याकडे पडून राहिला आणि मी दुसरा माणूस ठेवला. तो चांगला आहे, उजेड नीट पाडतो. नवऱ्या हसत नाहीत, एवढंच. समोरच्या वस्तीवरचा म्हातारा मला बाजारात भेटला की सांगायचा, रोज दिसतो, दिवे लागले की खिडकीत येऊन बसतो, बोलतो, मान हलवतो. म्हातारा एकटाच राहत होता. म्हणाला, मलाबी बरं वाटतं बघून, कुणीतरी हाय समोर. मला त्याचा राग आला. मग माझ्या लक्षात आलं, की राग येण्यासारखं त्या म्हाताऱ्यानं काहीच केलं नव्हतं.

तो वाळत चालला होता. बहीण येऊन दोन दिवस राहायची, तेव्हा तिच्यासमोर जेवायचा. ती गेली की ताटं झाकलेली. गोळी मात्र तो चुकवायचा नाही. गोळी घेतली का, हे विचारणारं कुणीतरी आहे असं त्याच्या मनानं घेतलं होतं ना. तिनं द्यायची गोळी तो वेळेवर घ्यायचा आणि तिनं वाढायच्या ताटाची वाट बघत बसायचा.

एका सकाळी म्हाताऱ्याला तो खिडकीत दिसला. सकाळी कधी दिसत नसे, म्हणून म्हातारा वावरातून चालत आला. तो खुर्चीतच होता, डोकं चौकटीला टेकलेलं. डॉक्टरांनी आम्हाला सरळ सांगितलं, गोळी घेतली आणि जेवला नाही, साखर उतरत गेली, झोप लागल्यासारखा गेला असेल. दोन्ही ताटं झाकलेली होती. मी एकावरचं झाकण उचललं. शेवग्याच्या शेंगांची आमटी होती, भाकरी होती, कांदा फोडून ठेवला होता. मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. मला लाज वाटली नाही.

दुपारी ओढ्याकाठी सगळं गाव जमलं. सरण रचलं होतं. भावकीतला दुसरा एक जाणता म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, रुई आणा. आमच्याकडे बिनलग्नाचा माणूस गेला तर आधी रुईशी त्याचं लग्न लावतात, मग अग्नी. नाहीतर तो अडकून राहतो, असं मानतात. एक जण बांधावरून रुईची डहाळी तोडून घेऊन आला. भटजी पुढे झाले. तेच भटजी.

बायका आमच्यात ओढ्यापर्यंत येत नाहीत. पण ती आली होती. बहीण. गर्दीतून वाट काढत ती सरणापाशी गेली आणि डहाळी धरलेल्या माणसासमोर उभी राहिली.

"रुई नगं," ती म्हणाली. "त्याचं लगीन झालंय."

भावकीतला म्हातारा समजुतीनं म्हणाला, अगं पोरी, ते पिच्चरचं होतं, त्याला कोण लग्न म्हणतं. ज्या बहिणीनं ते काकण काढायला भावाचे पाय धरले होते, माझ्यापाशी हात जोडले होते, ती आता भावाचं मनगट दोन्ही हातांत धरून उभी होती.

"हळद मी लावली," ती म्हणाली. "भटजी व्हते. आन् अक्षता तुमीच टाकल्या ना सगळ्यांनी? तुमी, तुमी, तुमीबी." ती एकेकाकडे बोट दाखवत होती. माझ्याकडेही दाखवलं. "मग त्याला बिनलग्नाचा कसा म्हणता?"

खरंच टाकल्या होत्या सगळ्यांनी. भटजी खाली बघत राहिले, मग दोन पावलं मागे सरले. म्हाताऱ्यानं टोपी काढली. रुई आणणाऱ्याला ती डहाळी कुठे ठेवावी कळेना, शेवटी त्यानं ती ओढ्याच्या पाण्यात सोडून दिली.

मग म्हाताऱ्यानंच खूण केली आणि काकणासकट त्याला अग्नी दिला.